पाटीवर ‘बरी आहे’

१२ जानेवारी

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शेजारणीच्या मांजरावर दोन पानं आणि स्वतःच्या गुडघ्यावर एक ओळ, म्हणजे गुडघा चांगलाच दुखतोय हे मी समजले. पुढच्या वेळी मांजराला एक ओळ पुरे. मोबाईलवर लिहीत जा असा हट्ट मी आता सोडला आहे. त्या इवल्या अक्षरांवर तुझी बोटं बसत नाहीत, आणि फोन कानाला लावून तुला उपयोग नाही. तेव्हा आपली पत्रंच बरी.

दुकानात सध्या श्वास घ्यायला सवड नाही. मालक शहराच्या दुसऱ्या टोकाला चष्म्याचं नवीन दुकान काढताहेत. तिथे गिऱ्हाइकांसमोर कोण बसणार ते अजून ठरलेलं नाही. एक मी, नाहीतर गेल्या वर्षी आलेली ती हसरी मुलगी. परवा मालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की काम तुझ्याइतकं कुणाला येत नाही, पण गिऱ्हाइकांना तू रागीट वाटतेस. मी म्हटलं, मी कुणावर रागावले? तर म्हणाले, रागावत नाहीस गं, पण दिसतेस तशी.

आमच्या दुकानात जिकडेतिकडे आरसे. गिऱ्हाइकाच्या कानांवर फ्रेम बसवताना त्याच्या डोक्यामागे मला माझंच तोंड दिसतं. नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओठांच्या कोपऱ्यापर्यंत दोन रेघा. रेघा कसल्या, चरच ते. गेल्या आठवड्यात एका आजोबांनी मला विचारलं, बाई, माझं काही चुकलं का? मी तर त्यांच्यासाठी हौसेनं हलकी फ्रेम शोधत होते.

आता मुद्द्याचं. दुकानाच्या वरच्या मजल्यावरची पार्लरवाली म्हणते की या रेघा भरता येतात. फिलर म्हणून इंजेक्शन असतं, ते आतून कातडी उचलतं. लोक जेवणाच्या सुट्टीत करून येतात म्हणे. तिनं छोटासा कोर्स केला आहे, औषध टपालानं मागवते आणि रविवारी स्वतःच्या घरी करते. आम्ही चौघीजणी जाणार आहोत, येत्या नाही, पुढच्या रविवारी. मी हो म्हणून टाकलं आहे.

तुला न सांगताही करता आलं असतं. पण सुट्टीत घरी आले की दारातच तुला कळणार. तुझ्यापासून तोंड लपवणं मला आजवर जमलेलं नाही. तेव्हा आधीच सांगते. रागावू नकोस, आणि गुडघ्याचं खरं काय ते कळव.

रागावलीसच तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
ठकू


१५ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. गुडघा बरा आहे. गुडघ्याचं नाव काढू नकोस.

पत्र मिळाल्यावर मी तडक इस्पितळात गेले. तिथल्या कातडीच्या डॉक्टरांनी माझे कान गेलेत म्हटल्यावर मास्क काढला, खिडकीकडे तोंड करून बसले आणि इतके स्वच्छ ओठ हलवून बोलले की मला एक शब्द परत विचारावा लागला नाही. त्यांना मी सांगितलं, माझी लेक एका पार्लरवालीच्या स्वयंपाकघरात तोंडाला सुया टोचून घेणार आहे. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग जे बोलले ते तुला जसंच्या तसं लिहिते.

ते म्हणाले की तोंडाच्या कातडीखाली रक्ताच्या बारीक वाहिन्यांचं जाळं आहे, आणि तू म्हणतेस त्या रेघेखालून तर एक मोठीच जाते. ती नाकाच्या कडेनं वर डोळ्याकडे जाते. औषध चुकून त्या वाहिनीत गेलं किंवा तिच्यावर दाब आला, की पुढचं रक्त थांबतं. कातडी मरते. क्वचित डोळा जातो, आणि गेलेला डोळा सहसा परत येत नाही. चांगल्या डॉक्टरच्या हातूनही हे होऊ शकतं. फरक एवढाच, की त्याला ते ओळखता येतं आणि त्यावर काय करायचं तेही ठाऊक असतं. एका जातीचं फिलर असतं ते दुसरं इंजेक्शन देऊन विरघळवता येतं. काही फिलर विरघळतच नाहीत. टपालानं आलेल्या बाटलीत काय आहे ते पार्लरवालीला तरी ठाऊक आहे का?

तुझी आई खिळ्यांच्या कारखान्यात आयुष्य घालवून आली आहे. तिथे नवीन बाई आली की आम्ही तिला पहिल्या दिवशी यंत्र चालवायला शिकवत नव्हतो. बंद करायचा दांडा कुठाय ते दाखवायचो. डोळे मिटून हात तिथे गेला पाहिजे, मग चालू करायचं शिक. ज्यांनी घाई केली त्यांची बोटं मी पाहिली आहेत. त्या यंत्रांच्या आवाजात माझे कान गेले, पण दहाही बोटं शाबूत आहेत ती त्या दांड्यामुळे. तेव्हा पार्लरवालीला एवढंच विचार, की बाई, तुझ्या या यंत्राचा बंद करायचा दांडा कुठाय?

सुंदर दिसायची हौस करू नये असं मी म्हणत नाही. मीही त्या तेलकट कारखान्यात रोज वेणीला रिबन बांधून जायचे, नि तुझे बाबा त्या रिबिनीवरच भुलले. हौस कर, पण डोळे मिटून उडी मारू नकोस. चष्म्याच्या दुकानात बसून स्वतःचा डोळा पणाला लावणारी तू पहिलीच निघशील.

जीव टांगणीला लागला आहे. उलट टपाली उत्तर हवं, आणि तोवर तोंड आहे तसं जपून ठेव ही आज्ञा समज.

तुझी,
आई


२ फेब्रुवारी

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही कारण मी रागावले होते. वयाची चाळिशी ओलांडली तरी आईची आज्ञा यावी, याचा राग. पण पार्लरवालीला तुझा प्रश्न मी विचारला. ती हसली. म्हणाली, काही होत नाही गं, आणि गाठ आलीच तर चोळायची, जिरते. मी जिना उतरून खाली आले ते परत वर गेले नाही. बाकीच्या तिघी गेल्या. त्यातल्या एकीचे ओठ अजून गाठी धरून आहेत आणि पार्लरवाली तिचा फोन उचलत नाही. तू बरोबर होतीस. हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे, कापून ठेवलंस तरी चालेल.

पण मी बेत सोडलेला नाही. इथल्या मोठ्या इस्पितळात कातडीच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे जाऊन आले. त्यांनी तोंडाकडे बघण्याआधी मलाच इतके प्रश्न विचारले की मुलगी बघायला आल्यासारखं वाटलं. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, ओठावर कधी तापाचे फोड येतात का, आधी तोंडात काही टोचून घेतलंय का, पोटुशी तर नाही ना, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. त्या चालू असत्या तर ज्या डॉक्टरनं दिल्या त्याला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, हेही बजावलं. तू पाठवलेल्या माशाच्या तेलाच्या गोळ्या मात्र थांबवायला सांगितल्या, त्यानं जखमेखाली रक्त साकळतं म्हणे. नुकतंच दाढेचं काम झालंय म्हटल्यावर सरळ घरी पाठवलं. दाढेतले जंतू रक्तातून तिथवर जाऊ शकतात, दाढ पुरती बरी होऊ द्या मग या म्हणाल्या. गिऱ्हाईक परत पाठवणारं दुकान मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या खेपेला मी दांड्याचं विचारलं. त्या हसल्या, पण उठून फ्रिज उघडला आणि विरघळवायच्या औषधाच्या बाटल्या दाखवल्या. घरात इंजिनियर कोण आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, आई, खिळ्यांची इंजिनियर. मग त्यांनी गंभीरपणे सांगितलं की टोचल्यानंतर फार दुखलं, कातडी पांढरी पडली, जांभळट जाळी दिसली किंवा नजर अंधुक झाली, तर वाट बघायची नाही. त्यांचा स्वतःचा नंबर दिला आहे. वीस तारीख ठरली. मालकांचा निर्णय मार्चमध्ये आहे, तोवर सूज उतरेल.

एक गंमत. त्या म्हणाल्या, इतक्या बारीक चेहऱ्यावर या रेघा एवढ्या खोल कशा? गाणं म्हणता का, शाळेत शिकवता का? मी म्हटलं, कुणास ठाऊक.

तू यायचं नाही. प्रवासात गुडघा धरेल. सगळं झालं की कळवीन. तुझी माया तिथूनही पुरते, तिचा ओघ तेवढा चालू राहू दे.

तुझी,
ठकू


९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल साळुंकी चहाला आली होती. तुला आठवते ना, माझ्या शेजारच्या यंत्रावरची, जिची बडबड यंत्रांनाही थांबवता आली नाही. तिचेही कान आता माझ्यासारखेच. आम्ही दोघी कारखान्यात बोलायचो तशाच बोलतो, आवाज न काढता नुसते ओठ मोठे करून. शेजारीण खिडकीतून बघते आणि या दोन म्हाताऱ्या भांडताहेत असं समजते.

खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर होता आणि मला तिच्या त्या दोन रेघा दिसल्या. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, खोल. मी तिला आरशासमोर उभी केली आणि स्वतः शेजारी उभी राहिले. माझ्याही तशाच. मग आम्ही बसून एकेकीची आठवण काढली, पाकिटं भरणारी, तारा ओढणारी, ती उंच मुकादमीण. सगळ्यांना त्या रेघा होत्या. आम्ही त्यांना कारखान्याचा शिक्का म्हणायचो.

पण तू कारखान्यात कधी पाऊल टाकलेलं नाहीस.

साळुंकी गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. माझे कान गेले तेव्हा तू शाळेत होतीस. तेव्हापासून दुकानदार काय म्हणतो, बस कुठली, डॉक्टर काय सांगतात, हे सगळं तू उजेडाकडे तोंड करून, ओठ ताणून ताणून मला सांगत आलीस. तुझे बाबा शेवटी काय पुटपुटले तेही मला तुझ्या तोंडावरच वाचता आलं. आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर तू म्हणालीस, कुणास ठाऊक. तुला पक्कं ठाऊक होतं. ठकू, मला रडू आलं. लपवत नाही.

आता मी तुला अडवणार नाही. भर त्या रेघा, चांगल्या भर. पण मी येणार, आणि यावर वाद नको. बाजारातून एक पाटी आणि खडू घेतले आहेत. मी तिथे असेन तोवर तुझ्या तोंडाला सुट्टी. काय सांगायचं ते पाटीवर लिही. मी तुझ्या तोंडाकडे बघणारसुद्धा नाही, कारण मी बघितलं की तुझे ओठ सवयीनं हलायला लागतात. डॉक्टरीणबाई त्या दिवशी तोंड हलवू नको म्हणणारच असतील.

घराची किल्ली साळुंकीकडे ठेवते. एकोणीसला दुपारी पोचेन. स्टेशनवर येऊ नकोस, मला पत्ता वाचता येतो.

जुन्या लोभावर आता थोडं व्याजही चढलं आहे, ते घेऊन येते.

तुझी,
आई


२४ फेब्रुवारी

प्रिय साळुंकीस,
स. न. वि. वि.

झाडांना पाणी घालत असशीलच. मला आणखी काही दिवस इथे राहावं लागणार आहे. घाबरू नकोस, पोरगी आता ठीक आहे, पण काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. इथे बोलायला तू नाहीस, म्हणून लिहिते.

वीस तारखेला सकाळी दोघी इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाई आपल्या मुकादमिणीसारखी, हात धुताना मोजून बोटं चोळणारी. त्यांनी सीलबंद डबी फोडण्याआधी ठकूला दाखवली, तोंड पुसपुसून घेतलं, हळूहळू टोचलं, मधे मधे थांबून बघितलं. नंतर आम्हाला बराच वेळ बसवून ठेवलं, पुन्हा बघितलं आणि सगळं नीट आहे म्हणून घरी सोडलं. त्यांच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. जे चुकलं ते आमचं, तेही शहाणपण करायला गेलो म्हणून.

ठकूची खोली तिसऱ्या मजल्यावर, एकच खिडकी आणि दुकानातून आणलेला एक मोठा आरसा. मी खिडकीकडे तोंड करून विणत बसले. ठरवलं होतं ना, तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. ती मागे पलंगावर. अधूनमधून मी विचारायचे, दुखतंय का? मग माझ्या खांद्याशी पाटी यायची, तिच्यावर ‘बरी आहे’. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं की पुन्हा तीच पाटी. तिनं ते पुसलंही नव्हतं, तेच पुन्हा पुन्हा दाखवत होती. मी मनात म्हटलं, काय छान युक्ती काढली, पोरीच्या तोंडाला पहिल्यांदाच विश्रांती मिळाली.

दुपार कलली तशी लोकर संपली. नवीन गुंडा घ्यायला मान वळवली आणि आरशात ठकू दिसली. गालाला बर्फ धरून, डोळे मिटून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. साळुंके, आपल्याला ओठ वाचायला किती वेळ लागतो? ती म्हणत होती, आई गं. थांबायची आणि पुन्हा, आई गं. माझ्या पाठीमागे, माझ्यापासून हातभर अंतरावर बसून ती किती वेळ तसं म्हणत होती, देव जाणे. मोठ्यानं म्हणत होती की हळू, तेही मला ठाऊक नाही.

मी उठून तिचा हात बाजूला केला. बर्फाखाली नाकपुडीपासून वर डोळ्याच्या दिशेनं कातडी पांढरीफटक, आणि तिच्या कडेनं जांभळी जाळी. दुसरा गाल नेहमीसारखा. ती म्हणायला लागली की बर्फानं पांढरं झालंय, सुजेवर बर्फ लावायला सांगितलंय, थोडं दुखणारच. मी बर्फ फेकला, बोटानं दाबून सोडलं. तिच्या दुसऱ्या गालावर दाबलं की रंग लगेच परत यायचा, इथे येईना.

तिला नंबर लावायला लावला. तिनं फोन तोंडाशी धरला आणि मी तिचे ओठ वाचले. काय म्हणाली असेल? म्हणाली, थोडंसं दुखतंय, विशेष काही नाही, उद्या आले तर चालेल का? मी फोन हिसकावून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी फोनवर बोलले, साळुंके. पलीकडे कोण आहे, ऐकतंय की नाही, काही कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, बाई, मी हिची आई, मला ऐकू येत नाही, म्हणून विचारू नका, फक्त ऐका. आणि रंग, जाळी, दुखणं, दाबल्यावर काय झालं, सगळं सांगितलं. मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी ठकूनं माझं मनगट घट्ट धरलं आणि तोंड मोठं करून सांगितलं, निघा म्हणताहेत, आत्ताच्या आत्ता, आणि नजर तपासा म्हणताहेत.

दाराच्या मागे तिनं दुकानातला जुना अक्षरांचा तक्ता टांगलेला आहे. ती एक डोळा झाकून त्याच्यासमोर उभी राहिली आणि घडाघडा वाचायला लागली. मी म्हटलं, अगं, तो तुला पाठ आहे. दिसतंय की आठवतंय, तुला तरी कसं कळणार? ती तक्त्याकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत अशी भीती मी तिचे बाबा गेले तेव्हाही पाहिली नव्हती. मग मी पाटीवरचं ‘बरी आहे’ पदरानं पुसलं, मनाला येतील ती अक्षरं लिहिली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाटी धरून उभी राहिले. तिनं एक डोळा झाकून वाचली, मग दुसरा झाकून. एकही चुकली नाही. मी पाटी पलंगावर टाकली आणि तिच्या चपला पुढे केल्या.

इस्पितळात डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. त्या बाजूला विरघळवायचं औषध टोचलं, ऊन ऊन पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, दाबून रंग बघितला, पुन्हा टोचलं. बर्फानं तर आणखीच बिघडत होतं म्हणाल्या. मी तिच्या पायाशी बसून ठकूच्या तोंडावरची नजर काढली नाही. संध्याकाळ होता होता नाकपुडीच्या कडेला गुलाबी रंग आला, आणि मग तो वर सरकला. डॉक्टरीणबाईंनी लांब जाऊन, मास्क काढून मला सांगितलं की रात्र जाऊ दिली असती तर तेवढी कातडी काळी पडली असती. मी त्यांचे पाय धरणार होते, त्यांनी धरू दिले नाहीत.

बाटली होती फ्रिजमध्ये. बंद करायचा दांडा होता, आम्हाला ठाऊकही होता. पण दांडा ओढायला कुणीतरी बघत असावं लागतं, आणि मी पाठ करून बसले होते. तिला माझा त्रास नको म्हणून मी बघत नव्हते, आणि मला तिचा घोर नको म्हणून ती खरं लिहीत नव्हती. एकमेकींना जपता जपता पोरगी घालवली असती. इतकी वर्षं ऐकू येत नाही, पण ऐकू न येण्याची भीती मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटली.

गुलाबाला फार पाणी घालू नकोस. तुझ्या बडबडीची आठवण येते. आहेस तशीच माझी राहा.

तुझी,
जोडीदारीण


२० मार्च

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून खोली फार मोठी वाटते. त्या जागी धरलेली खपली पडली. नाकपुडीशी खडूचं बोट लागावं एवढा डाग राहिला आहे, तोही पुसट होईल असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मी रोज सकाळी पाठ नसलेलं काहीतरी दोन्ही डोळ्यांनी वाचते, एकेक झाकून. आज पावाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचली.

आता गंमत ऐक. औषध एकाच बाजूचं विरघळवलं, तेव्हा माझा एक गाल गुळगुळीत आहे आणि दुसऱ्यावर चर जसाच्या तसा. गिऱ्हाईक डावीकडे बसलं तर मी प्रसन्न, उजवीकडे बसलं तर रागीट. नवीन दुकान त्या हसऱ्या मुलीला मिळालं. वाईट वाटलं, खोटं सांगणार नाही. घरी येऊन रडले आणि मग झोपले.

डॉक्टरीणबाई म्हणतात की सगळं पुरतं बरं झालं की दोन वाटा आहेत. एकतर दुसरी बाजूही विरघळवायची, नाहीतर ही बाजू पुन्हा, आणखी जपून भरायची. धोका पहिल्याइतकाच आहे, कमी नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. घाई करू नका म्हणाल्या.

मी विचार केला. तुला वाटत असेल की आता ही म्हणेल, या रेघा आईच्या आहेत, राहू देत. आई, त्या तुझ्याशी बोलून आल्या याचं मला कधी वाईट वाटलं नाही. परत लहान झाले तर परत तशीच ओठ ताणून बोलेन. पण त्या मला आरशात नकोत. दोन्ही खरं आहे. उन्हाळा संपला की ही बाजू भरून घ्यायची असं ठरवलं आहे, आता कुणाच्या दुकानासाठी नाही. तुला पटत नसेल तर तसं लिही.

आणि एक कबूल करायचं आहे. त्या दुपारी पाटीवर खोटं लिहिणं फार सोपं गेलं. तोंडानं तुझ्याशी मला कधी खोटं बोलता आलं नव्हतं. तू येशील का?

लोभ मागत नाही, तू ये एवढंच मागते.

तुझी,
ठकू


२५ मार्च

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येईन. पटतं की नाही ते मला विचारू नकोस. तोंड तुझं, रेघा तुझ्या. मला घोर लागणार तो लागणारच. तू शाळेत पहिल्यांदा एकटी गेलीस तेव्हाही लागला होता, म्हणून काही तुला घरी बसवलं नव्हतं.

ते दुकान ज्याला द्यायचं त्याला देऊ देत. तुझ्या मालकाला चष्मा लागलाय, आणि चष्म्याच्या दुकानात बसून त्याला तो सापडत नाही.

यावेळी मी तुझ्या समोर बसणार. इस्पितळात, गाडीत, घरी, सगळीकडे. विणकाम आणणार नाही. तू झोपलीस तरी बघत राहीन, चिडलीस तरी बघत राहीन. बोलायची गरज नाही, पण दुखलं तर माझ्याकडे तोंड करून दुखतंय म्हण. त्यानं एखादी नवी रेघ पडली तर पडू दे, ती आपण नंतर बघू.

साळुंकी म्हणते तीही येणार. मी म्हटलं, तुझी बडबड बघून डॉक्टरीणबाईंचा हात हलेल. ती रुसली आहे, पण येणारच.

गुडघा खरंच दुखतो. हे पहिल्यांदा खरं लिहिते आहे. त्याला इथल्या डॉक्टरला दाखवीन, म्हणजे जिने चढता येतील.

येताना काय आणू ते कळव. पाटी सोडून.

लोभ आहेच. तो असाच बोलता ठेव.

तुझी,
आई